टकळी, अणुबॉम्ब आणि पवनारचे आचार्य

यंत्रांचे प्रकार किती? इंजिनीअरला विचारलंत तर तो संध्याकाळपर्यंत मोजत बसेल. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी राहणाऱ्या विनोबा भाव्यांनी तीनच सांगितले. वेळ वाचवणारी ती समयसाधक, म्हणजे आगगाडी किंवा विमान. जीव घेणारी ती संहारक, म्हणजे तोफ आणि बॉम्ब. माल तयार करणारी ती उत्पादक. पहिल्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती, दुसऱ्यांना साफ नकार होता. तिसऱ्यांपाशी मात्र ते थांबले आणि त्यांचे पुन्हा दोन भाग पाडले. माणसाच्या श्रमाला हातभार लावणारं यंत्र पूरक, त्याचं काम हिसकावून त्याला रिकामं बसवणारं मारक.

इथवर ठीक आहे, असं कुणीही म्हणेल. थक्क व्हायला होतं ते पुढच्या पायरीवर. पूरक की मारक हे यंत्राच्या अंगावर कोरलेलं नसतं, असं विनोबा म्हणत. देश, काळ आणि परिस्थिती बदलली की तेच यंत्र एका रकान्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतं. जमीन अफाट आणि माणसं मोजकी असतील तिथे ट्रॅक्टर पूरक. हात भरपूर आणि कामच नाही तिथे तोच मारक. म्हणजे यादी एकदा करून भिंतीवर टांगायची सोय नाही, दर पिढीला ती नव्याने करावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जगभर नीतिशास्त्राचे वर्ग भरतात. तिथेही अखेर वाद येऊन ठेपतो तो इथेच: हे साधन कुणाच्या हातात आहे, आणि त्यामुळे कुणाचे हात रिकामे होणार आहेत?

आचार्य म्हणवले गेले तरी विनोबा रूढ अर्थाने पुरोहित नव्हते. ना मठ, ना गादी. कोकणातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेल्या या मुलाने ऐन विशीत शाळेचे दाखले आईच्या चुलीत जाळले आणि १९१६ साली इंटरची परीक्षा सोडून थेट काशी गाठली. गांधींनी १९२१ साली त्यांना वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवलं आणि ते वर्ध्याचेच झाले. शिकवणं हा त्यांचा पिंड होता, गीता हा श्वास, आणि गीतेखालोखाल प्रेम गणितावर. हे गणित महत्त्वाचं आहे, कारण त्यांचा यंत्रविचार भावनेतून कमी आणि हिशेबातून जास्त आलेला दिसतो.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी जे केलं ते पाहा. सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराचे किती पैसे मिळतात, आणि तेवढ्यात पोट भरतं का? हा प्रश्न त्यांनी कागदावर सोडवला नाही. रोज आठ-नऊ तास स्वतः कातायला बसले आणि त्या मजुरीत जगायचं ठरवलं. कातायची टकळी म्हणजे खाली चकती असलेली एक काडी. तिला चिमटीने गिरकी द्यायची, दुसऱ्या हातातल्या पेळूतून धागा ओढायचा, पीळ बसला की गुंडाळायचा, पुन्हा गिरकी. उजव्या हाताने होतं ते डाव्याने जमतं का, कुठे वेळ वाया जातो, हे ते तपासत राहिले. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची ओळख करून देताना गांधींनी त्यांच्या टकळीचं मुद्दाम कौतुक केलं. तंत्रज्ञानाच्या नीतीवर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या यंत्रावरच्या मजुराची रोजी खाऊन पाहिली असेल?

खुद्द चरखाही गांधींच्या मंडळींनी पवित्र म्हणून जसाच्या तसा ठेवला नव्हता. खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं, आणि त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तासांत १६,००० फूट सूत, झोपडीत मावेल असा आटोपशीर आकार, चालवणारी बाई दमून जाऊ नये, आणि आयुष्य २० वर्षं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्र बनवायच्या आधीच ‘बाई दमणार का?’ हा प्रश्न अटींच्या कागदावर लिहिला गेला, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

आणि हा टकळीवाला माणूस विज्ञानाचा शत्रू मुळीच नव्हता. त्याने समीकरणच मांडलं होतं: विज्ञान अधिक हिंसा बरोबर सर्वनाश, विज्ञान अधिक अहिंसा बरोबर सर्वोदय. अणुबॉम्बनंतरच्या जगात विज्ञान मागे हटणार नाही, तेव्हा हटायचं ते हिंसेने, हा त्यांचा रोखठोक हिशेब. नियोजन आयोगाशी बोलायला नेहरूंनी १९५१ मध्ये दिल्लीला बोलावलं तेव्हा विनोबा १२ सप्टेंबरला पवनारहून पायी निघाले आणि दोन महिन्यांनी पोहोचले. विमान समयसाधक खरं, पण वाटेत गावं भेटत नाहीत.

त्यांच्या विचारात एक सांधा मात्र ढिला राहतो. पूरक-मारक ठरवायचं कुणी? गावाने, सर्वसंमतीने, हे विनोबांचं उत्तर. पण गाव म्हणजे काही एक माणूस नव्हे. आज वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतात तणनाशकाचा पंप येतो. निंदणाला वेळेवर बाया मिळत नाहीत म्हणून शेतकऱ्याला तो पूरक. निंदणाच्या रोजीवर पावसाळा काढणाऱ्या बाईला तोच मारक. दोघं एकाच गावचे. मालक सभेत बोलेल, ती बोलेल का? विनोबांना या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं असं मला वाटत नाही. सर्वसंमती त्यांनी जितकी सोपी मानली तितकी ती सोपी नाही.

हातांच्या श्रमावरचा त्यांचा भर मात्र पवनारला दिसतो. तिथे १९५९ साली त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. शेतीपासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या भगिनी स्वतः करत आल्या आहेत. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने जाताना तिथे थांबालच, पण त्याआधी वर्धा शहरात मगनवाडीतलं मगन संग्रहालय चुकवू नका. ग्रामोद्योगांची साधनं लोकांना पाहता यावीत म्हणून ते उभारलं गेलं, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींनी त्याचं उद्घाटन केलं.