प्राथमिक शाळेतील स्पॅनिश

परकीय भाषा लहान वयातच शिकवावी, हे मत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुनेच होते. त्याला सरकारी पैशाचे पाठबळ मिळाले ते मात्र एका धास्तीमुळे. 1957 साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह अवकाशात सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत केला. गणित आणि विज्ञान यांच्या जोडीने परकीय भाषांनाही त्यात स्थान होते. ठिकठिकाणच्या प्राथमिक शाळांतून स्पॅनिशचे वर्ग निघाले. रोज पंधरा-वीस मिनिटे शिक्षिका वर्गात येई. मुले एकसुरात अभिवादने म्हणत, रंगांची आणि प्राण्यांची नावे घोकीत, एखादे गाणे गात, आणि शिक्षिका पुढच्या वर्गाकडे वळे. उच्चार गोड असत, पण त्या भाषेत कोणाला काही सांगावे अशी वेळ मुलावर येतच नसे. शिक्षिका बदलली की पुन्हा रंगांपासून आरंभ होई. 1960 च्या दशकाच्या अखेरीस यांपैकी पुष्कळ वर्ग बंद पडले.

स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजीभाषी मुलापुढे नेमके काय असते, हे पाहिले म्हणजे या अपयशाचे कारण उमगते. या भाषेतील स्वर पाचच आहेत आणि लेखन बरेचसे उच्चाराला धरून चालते. त्यामुळे वाचन लवकर येते. 'त' आणि 'द' मात्र दातांना जीभ लावून म्हणावे लागतात, आणि इंग्रजी जिभेवर त्यांच्या जागी 'ट' आणि 'ड' यांच्या जवळचे वर्ण येतात. (मराठी मुलाला हा भेद आयताच मिळालेला असतो.) याहून अवघड भाग व्याकरणाचा. मैत्रिणीला एक सर्वनाम आणि मुख्याध्यापकांना दुसरे, ही तू-आपणची जाण केवळ एका 'यू'वर वाढलेल्या मुलाला नव्याने यावी लागते. 'मुलगी हुशार आहे' आणि 'मुलगी दमलेली आहे' या दोन वाक्यांतील 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन निराळी क्रियापदे लागतात. असे भेद पाठांतराने येत नाहीत. काही मागताना, तक्रार करताना, भांडताना ते अंगवळणी पडतात. त्यासाठी दिवसातील वीस मिनिटे अपुरी होत.

ही अडचण ओलांडणारा प्रयोग 1963 साली फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे झाला. क्यूबातील 1959 च्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबे या शहरात आश्रयाला आली होती. आपण लवकरच मायदेशी परतणार, अशी त्यांतील अनेकांची खात्री होती आणि तोवर मुलांची स्पॅनिश टिकावी, ही त्यांची निकड होती. फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून कोरल वे प्राथमिक शाळेत द्विभाषिक शिक्षण सुरू झाले. पॉलीन रोहास यांच्याकडे त्याची सूत्रे होती. पहिल्या तीन इयत्तांपासून आरंभ झाला आणि भाग घेणे पालकांच्या इच्छेवर ठेवले गेले. सुमारे निम्मी मुले क्यूबन, निम्मी इंग्रजीभाषी. दिवसाच्या एका सत्रात मुले आपल्या भाषेत विषय शिकत. दुसऱ्या सत्रात तेच विषय दुसऱ्या भाषेत पुन्हा हाताळले जात. संगीत, चित्रकला, व्यायाम आणि जेवण या वेळी दोन्ही गट एकत्र येत. स्पॅनिश येथे विषय राहिली नाही. ती माध्यम झाली. वजाबाकी समजली नाही तर ते स्पॅनिशमध्येच सांगावे लागे.

शिक्षकही शहरातच सापडले. क्यूबातील कित्येक प्रशिक्षित शिक्षिका निर्वासित म्हणून आल्या होत्या आणि पदवी असूनही त्यांना नोकरी नव्हती. शाळेने अशांना आधी साहाय्यक म्हणून आणि पुढे अध्यापनाची परवानगी मिळवून पूर्ण शिक्षक म्हणून घेतले. या बायकांच्या ज्ञानाला परक्या देशात किंमत आली, हीही प्रयोगाची लहानसहान फलश्रुती नव्हे.

मायामीत स्पॅनिशला मिळालेला हा मान सर्वत्र नव्हता, हे ध्यानात ठेवावे लागते. टेक्सासमध्ये 1918 च्या एका कायद्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा गुन्हा ठरवला होता, आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. म्हणजे जी भाषा एका मुलाला परिश्रमपूर्वक शिकवायची, तीच दुसऱ्याच्या तोंडून उपटून काढायची! मायामीतील निर्वासितांत सुशिक्षित मध्यमवर्ग मोठा होता आणि त्यांच्याविषयी सरकारला राजकीय सहानुभूती होती. टेक्सासच्या शेतमजुरांच्या वाट्याला ती आली नाही.

कोरल वेच्या मुलांची इंग्रजी मागे पडली नाही, असे चाचण्यांतून दिसले. पालकांची मोठी भीती तीच होती. क्यूबन मुले दोन्ही भाषांत तयार झाली. इंग्रजीभाषी मुलांची स्पॅनिश मात्र तितकी उंची गाठू शकली नाही. त्यांना ती रोज अर्धा दिवस मिळत होती. परंतु खेळाच्या मैदानावर, दूरचित्रवाणीवर आणि रस्त्यावर इंग्रजीचेच राज्य होते, आणि इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्याशी क्यूबन मूलही इंग्रजीतच बोलू लागे. वेळापत्रक दोन भाषांना समान तास देऊ शकते. समान प्रतिष्ठा देणे शाळेच्या हाती नसते.

1968 मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा संघराज्यीय कायदा झाला. मायामी ज्या डेड परगण्यात आहे, त्याने 1973 साली स्वतःला द्विभाषिक घोषित केले. 1980 मध्ये तेथील मतदारांनी उलट कौल देऊन इंग्रजीखेरीज अन्य भाषेवर परगण्याचा पैसा खर्च करण्यास बंदी घातली. हा नियम 1993 साली रद्द झाला. या साऱ्या वादळात कोरल वेचे स्पॅनिश वर्ग भरतच राहिले, आणि पुढे तेथे आठवीपर्यंतचे शिक्षणही सुरू झाले.