चिमुकले राक्षस : भय आणि हास्य

भय आणि हास्य यांचे एकमेकांशी पटत नाही, असे आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त कोणता रस कोणत्या रसाचा विरोधी, याचे विवेचन आहे. तेथे हास्याचे दोन विरोधी सांगितले आहेत. एक भयानक आणि दुसरा करुण. अनुभवही तसाच आहे. अंधारात पाठीमागे काही खसफसले की ओठांवरचे हसू विरून जाते; आणि हसू फुटले की भीती पळते. मग एकाच चित्रपटात प्रेक्षकाला भिववायचेही आणि हसवायचेही, असा उद्योग कोणी आरंभिला तर तो सिद्धीस कसा जावा? या प्रश्नाचे उत्तर आज मी एखाद्या श्रेष्ठ कलाकृतीत शोधणार नाही. बेताच्या पैशांत निघालेल्या, आणि त्यातही ‘दुसरा भाग’ म्हणून आधीच कमी लेखल्या गेलेल्या एका अमेरिकन चित्रपटात ते शोधावे असे मनात आहे. १९८८ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटाचे नाव ‘क्रिटर्स २ : द मेन कोर्स’.

१९८४ साली जो डान्टे यांच्या ‘ग्रेमलिन्स’ या चित्रपटाला मोठे यश लाभले आणि त्यानंतर हॉलिवुडात चिमुकल्या राक्षसांची जणू रीघ लागली. ‘क्रिटर्स’चा पहिला भाग १९८६ चा. अंतराळातून पळालेले काही खादाड जीव कॅन्सस राज्यातील ग्रोव्हर्स बेंड या कल्पित गावी उतरतात आणि एका शेतकरी कुटुंबाचा पिच्छा पुरवितात, ही त्याची कथा. हे जीव चेंडूएवढे, केसाळ, लाल डोळ्यांचे. तोंडात मात्र दातांच्या रांगा. पाठीवरचे काटे ते बाणासारखे सोडतात आणि धावायचे झाले की अंगाचा गोळा करून गडगडत जातात.

राक्षस इतके लहान का? याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. प्रचंड राक्षस उभा करावयाचा तर यंत्रे हवीत, भव्य देखावे हवेत, पैसा हवा. लहान राक्षस माणसाच्या हातात मावतो. चिओडो बंधूंनी घडविलेले हे जीव म्हणजे बाहुल्याच होत. बाहुलीत हात घालून तोंड उघडायचे, मिटायचे. हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवायचा, की जमिनीवर एक जिवंत प्राणी दिसू लागतो. गडगडत जाण्याची युक्तीही सोयीची, कारण पायांनी चालवून दाखविण्याची कटकटच तीत उरत नाही. गरिबीतून निघालेली ही तोड पुढे या प्रकाराचे वैशिष्ट्य होऊन बसली.

आता दुसऱ्या भागाची कथा पाहू. पहिल्या संकटातून वाचलेला ब्रॅड हा मुलगा दोन वर्षांनी आजीला भेटावयास गावी येतो. दिवस ईस्टरचे आहेत. या सणात अंडी रंगवून ती लपवून ठेवण्याची आणि मुलांनी ती शोधून काढण्याची प्रथा आहे. मागे राहून गेलेली राक्षसांची अंडी जुन्या वस्तूंच्या दुकानामार्गे याच सणाच्या अंड्यांत मिसळतात. आजीच ती विकत घेते! सशाचा वेष धारण केलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर अंड्यांतून निघालेले जीव तुटून पडतात आणि तो चर्चची खिडकी फोडून भर प्रार्थनेत येऊन पडतो. येथे प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता दचकतो.

हे कसे साधते? एकटा क्रिटर हास्यास्पद आहे. तो हावरट आहे, मूर्ख आहे, कोणी लाथ मारली तर चेंडूसारखा उडेल असा आहे. परंतु तो एकटा नसतो. घरात एक मुंगी दिसली तर आपण हसून सोडून देतो. रांग दिसली की उठतो. हास्य रूपातून निघते आणि भय संख्येतून. चित्रपटाच्या शेवटी हे शेकडो जीव एकमेकांना बिलगून एकच प्रचंड गोळा होतात. तो गावावर चालून येतो आणि वाटेत सापडलेल्या माणसाचा क्षणात सांगाडा करून पुढे जातो. हा गोळा संगणकाने काढलेला नव्हे. हातांनी रचलेला आहे.

आणि करुण? तोही येतो. राक्षसांचा पाठलाग करणाऱ्या, हवे ते रूप घेणाऱ्या परग्रहवासीयांपैकी एक मरतो, तेव्हा त्याचा सोबती दुःखाने आपला चेहराच हरवून बसतो. मग पहिल्या भागात गावाने दारुडा म्हणून हिणविलेला चार्ली अंतराळयान घेऊन थेट त्या गोळ्यावर आदळतो. तो गेला असे वाटून त्याचा मित्र त्याचेच रूप धारण करतो. आणि तेवढ्यात चार्ली हवाईछत्रीने सुखरूप खाली उतरतो. विश्वनाथाने सांगितलेले दोन्ही विरोधी अशा रीतीने हास्याच्या पंगतीला येऊन बसतात. शास्त्र येथे खोटे ठरले असे मात्र नव्हे. हे रस एकाच क्षणी येत नाहीत. एक सरतो न सरतो तोच दुसरा त्याची जागा घेतो, एवढेच.

धंद्याच्या दृष्टीने चित्रपट पडला. पहिल्या भागाने अमेरिकेत सुमारे १ कोटी ३१ लक्ष डॉलर मिळविले होते. दुसऱ्याने अवघे ३८ लक्ष. परंतु हिशेब येथे संपत नाही. दिग्दर्शक मिक गॅरिस यांचा मोठ्या पडद्यावरील हा पहिलाच चित्रपट. सहलेखक डेव्हिड टूही यांनी पुढे ‘पिच ब्लॅक’ दिग्दर्शित केला. छायालेखक रसेल कार्पेंटर यांना ‘टायटॅनिक’साठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि त्याच ‘टायटॅनिक’चा नायक लिओनार्डो डिकॅप्रिओ प्रथम पडद्यावर आला तो १९९१ च्या ‘क्रिटर्स ३’ मध्ये. स्वस्त चित्रपट ही अशी कारागिरांची शाळा असते.

मराठी प्रेक्षकाला हे सारे परके वाटू नये. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुलाच होता, आणि त्यामागे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे कसब होते. त्याला पाहून घाबरलेली मुले पुन्हा त्यालाच पाहावयाचा हट्ट धरीत. २०१३ साली त्याचाही दुसरा भाग निघाला.

मुलांच्या त्या हट्टात मला या प्रकाराचे समर्थन दिसते. ज्या भयाला आपण हसू शकतो, ते पुन्हा पाहण्याचे धैर्य आपल्याला येते. अशा चित्रपटांना थोर म्हणण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या भयाला हातात मावेल एवढे लहान करून दाखविणे, हे काम क्षुद्र म्हणता येणार नाही.