घाबरवणाऱ्यांच्या रानात

माझी भाची ऑक्टोबर महिन्यात दर शुक्रवार-शनिवारी रात्री भूत होते. संध्याकाळी पाचला ती एका शेतावरच्या जुन्या गोठ्यात हजर होते, रंगवणाऱ्या बाईंसमोर खुर्चीत बसते आणि पाऊण तासाने उठते तेव्हा तिच्या गालाचं कातडं लोंबत असतं. ते लॅटेक्सचं असतं. पातळ थरावर थर देऊन चिकटवलेलं, आणि वर एअरब्रशने फवारलेला करडा-हिरवट रंग. मग ती घशासाठी गरम पाण्यात मध घालून पिते, अंगावर गोणपाट घेते आणि ओकच्या एका झाडामागे जाऊन उभी राहते. रात्री अकरापर्यंत तिचं काम एकच. वाटेने येणाऱ्या प्रत्येक टोळक्याला घाबरवायचं, आणि त्यातल्या कुणालाही हात लावायचा नाही.

२६ ऑक्टोबर २०२४ च्या शनिवारी मी त्या वाटेने चालत गेले. दिवाळीसाठी मी बहिणीकडे न्यू जर्सीला गेले होते. शेत शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियापासून गाडीने तासाभरावर. भाची तिथल्याच कॉलेजात शिकते. तिने फोनवर बजावलं होतं, "मावशी, बूट घाल, लांब मोजे घाल, आणि ओरडावंसं वाटलं तर ओरड. लाजू नकोस." लांब मोजे भुतांसाठी नव्हते. त्या भागातल्या रानात हरणांवरच्या गोचिडी असतात, आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो.

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की अशी शेकडो ठिकाणं उघडतात. शहरात ती बंद गोदामांत भरतात. गावाकडे शेतात आणि रानात. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत शेतकरी शहरातल्या पाहुण्यांसाठी शेत मोकळं करतो, तसंच इथल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी केलं आहे. दिवसा भोपळे विकायचे, उभ्या मक्यातून वाटा कापून मुलांसाठी भुलभुलैया करायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताचे गठ्ठे मांडून त्यावर माणसं बसवायची आणि शेताला फेरी मारायची. अंधार पडला की त्याच ट्रॉलीची फेरी भुतांच्या हद्दीतून जाते. शेतीच्या जोडीला येणारा हा पैसा सहा-सात आठवड्यांचा, पण काही कुटुंबांची शेतं त्यावर टिकली आहेत असं मला तिथे सांगण्यात आलं, आणि रांग पाहून ते पटलं.

रांगेत उभं राहिलं की प्रथम दिसते ती पाटी. कलाकारांना हात लावू नका, ते तुम्हाला लावणार नाहीत. लायटर, सिगरेट नको. मोबाइलचा उजेड पाडू नका. हृदयविकार असेल, गरोदर असाल, लखलखत्या दिव्यांनी फिट येत असेल तर आत जाऊ नका. ती पाटी मी दोनदा वाचली. पुढे जे जे घडलं ते सगळं त्या पाटीवर उभं होतं.

आमच्या टोळक्यात सातजण होते. मागच्या-पुढच्या टोळक्यांत काही मिनिटांचं अंतर राखलेलं. लाकडाचे तुकडे पसरून केलेली पायवाट, दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीवर दोर. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. त्या महिन्यात फिलाडेल्फियात मोजण्याजोगा पाऊसच पडला नाही, हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यापासून असा ऑक्टोबर तिथे झाला नव्हता. त्यामुळे मेपल आणि ओकची गळलेली पानं पापडासारखी कुरकुरीत झाली होती. वणव्याच्या भीतीने शेतावरची नेहमीची शेकोटीही पेटवलेली नव्हती.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. ना भूत, ना आवाज. मला वाटतं, त्या रानातली सर्वांत कसबाची जागा तीच. गोदामात भिंती उभाराव्या लागतात, रंगवाव्या लागतात. रानात अंधार आयता मिळतो, पण तो वापरायचा कसा हे कळावं लागतं. माणसाला आधी त्याच्याच पावलांचा आवाज ऐकू द्यायचा. सातजणांच्या पायांखाली पानं वाजत होती, आणि थोड्या वेळाने मला त्यात आठवा पाय ऐकू येऊ लागला. तो खरंच होता की नव्हता, हे मी अजून भाचीला विचारलेलं नाही.

मग एक खोपट लागलं. आत कंदील, झुलत्या खुर्चीत पाठमोरी म्हातारी. खुर्चीची करकर. आम्ही सातहीजण त्या म्हातारीकडे बघत पुढे सरकलो. ती वळणार, आता वळणार. आणि आमच्या मागे, वाटेच्या कडेचा पानांचा ढीग उठून उभा राहिला.

मी ओरडले. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईने ज्या आवाजात ओरडू नये त्या आवाजात ओरडले, आणि पुढच्या अनोळखी मुलीचा दंड घट्ट धरला. तिनेही माझा हात धरला. वाट संपेपर्यंत आम्ही तो सोडला नाही.

खोपटातली ती म्हातारी, भाचीने नंतर सांगितलं, कुणालाच घाबरवत नाही. तिचं काम नजर धरून ठेवण्याचं. घाव दुसरा घालतो. आणि तो नेहमी मागून किंवा बाजूने घालायचा, कारण घाबरलेला माणूस भीतीपासून लांब पळतो. समोरून घाबरवलं तर टोळकं मागे फिरतं आणि मागच्या टोळक्यावर जाऊन आदळतं. मागून घाबरवलं की सगळे पुढे सरकतात, वाट मोकळी राहते. कामाची शिकवणी इथूनच सुरू होते. दुसरा धडा माणूस निवडण्याचा. सर्वांत पुढे छाती काढून चालणाऱ्याला सोडून द्यायचं, मधे दडलेल्याला गाठायचं. त्याला वाटत असतं आपण सुरक्षित आहोत. तिसरा धडा थांबण्याचा, आणि भाची म्हणते तोच सर्वांत अवघड. कुणी खरंच कोलमडलं, खाली बसलं, लहान मूल हुंदके देऊ लागलं, तर भुताने तिथल्या तिथे माणूस व्हायचं. आवाज खाली आणायचा, गुडघ्यावर बसायचं, नाव विचारायचं, आणि वॉकीटॉकीवर सांगून आडवाटेने बाहेर सोडायची सोय करायची. अशा आडवाटा त्या रानात ठिकठिकाणी आहेत. आपण त्यांच्या शेजारून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

शेवटी करवत येते. झाडं तोडायची पेट्रोलची करवत, तिचा आवाज कानठळ्या बसवणारा, धूर नाकात जाणारा. तिची दातेरी साखळी आधीच काढून ठेवलेली असते. हे मला ठाऊक होतं, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत पक्कं ठाऊक होतं. करवत कानामागे सुरू झाली तेव्हा ते ज्ञान कुठल्या कुठे गेलं, आणि मी धावले.

असं पैसे देऊन घाबरायला माणसं का जातात, याचा अभ्यास झाला आहे. पिट्सबर्गमधल्या अशाच एका भयगृहात मार्गी कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २६२ पाहुण्यांची आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर पाहणी केली. बऱ्याच जणांची मनःस्थिती बाहेर आल्यावर सुधारलेली होती, आणि आत जाताना थकलेले, त्रासलेले असणाऱ्यांत हा फरक विशेष दिसला. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठात तर करमणुकीसाठीच्या भीतीचीच प्रयोगशाळा आहे. तिथल्या मार्क अँडरसन, मॅथियास क्लासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइले इथल्या भयगृहात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली आणि ते दचकत असतानाच्या चित्रफितीही तपासल्या. भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरीही नाही. मधे कुठेतरी एक ठिकाण आहे, तिथे आनंद सर्वांत जास्त. माझी भाची गोणपाटाखालून रात्रभर तेच ठिकाण शोधत असते, दर तीन-चार मिनिटांनी नव्या माणसांसाठी.

हा धंदा अमेरिकेतच जन्मला असं मात्र नाही. फ्रान्सच्या क्रांतीनंतर, १७९९ पासून, एतियेन-गास्पार रोबेर नावाच्या माणसाने पॅरिसमधल्या कापुचिन पंथाच्या रिकाम्या पडलेल्या मठात प्रेतांचे खेळ लावले. चाकांवर बसवलेला चित्रदीप पडद्यामागून पुढे-मागे सरकवायचा, की सांगाडा अंगावर धावून आल्यासारखा मोठा होत जाई. १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेतलं प्रतिबिंब वापरून रंगमंचावर अर्धपारदर्शक भूत उभं केलं. डिस्नेलँडच्या १९६९ साली उघडलेल्या भूतमहालातली नाचणारी जोडपी आजही त्याच काचेच्या युक्तीवर फिरतात. इंग्लंडमध्ये १९१५ साली वाफेवर चालणारं एक भूतघर जत्रेसाठी बांधलं गेलं, तेही जपून ठेवलेलं आहे.

रानातल्या वाटेचा उगम याहून घरगुती आहे. ३१ ऑक्टोबरची, हॅलोविनची रात्र आयरिश लोकांची. त्यांच्या जुन्या साउइन सणात उन्हाळा सरून हिवाळा लागताना मेलेल्यांची आणि जिवंतांची हद्द पातळ होते असं मानत. सलगम कोरून त्यात दिवा लावायची त्यांची रीत अमेरिकेत आली आणि तिथे भोपळा मिळाला. पण सणासोबत पोरांचा धुडगूसही आला. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, तो नासधुशीपर्यंत गेला. तेव्हा आईबापांनी आणि गावच्या मंडळांनी पोरांना गुंतवण्यासाठी तळघरांतून, परसांतून भीतीच्या वाटा आखायला सुरुवात केली. अंधारात हाताला लागेल अशी ओली, लिबलिबीत वस्तू टांगायची, कोपऱ्यात कण्हायला कुणाला तरी बसवायचं. पुढे १९७० च्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवाभावी संघटनेच्या गावोगावच्या शाखांनी निधी जमवण्यासाठी भूतघरं चालवली. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानाने हॅलोविनचे खेळ सुरू केले, आणि मोठा पैसा या धंद्यात आला.

मग ११ मे १९८४ चा दिवस. न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथल्या मनोरंजन उद्यानात ट्रेलर एकमेकांना जोडून केलेल्या भूतमहालाला आग लागली. आतला फोम पेटला. पाण्याचे फवारे नव्हते. आत वळणावळणाची अंधारी वाट होती आणि आठ किशोरवयीन मुलं त्या वाटेवर मेली. त्यानंतर अशा इमारतींसाठी फवारे, धूर ओळखणारी यंत्रं, बाहेर पडायच्या मार्गांच्या खुणा यांचे नियम कडक झाले. माझी बहीण त्या गावापासून फार लांब राहत नाही. शेतावरच्या पाटीवर लायटरचा शब्द मी दुसऱ्यांदा वाचला तो यासाठीच.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही, आणि ती इथे लिहिलीच पाहिजे. पेनसिल्व्हेनियातच स्प्रिंग सिटीजवळ पेनहर्स्ट नावाची संस्था होती. १९०८ साली उघडली, मतिमंद आणि अपस्माराने पीडित माणसांसाठी. बंद होईपर्यंत दहा हजारांवर माणसं तिथे राहिली. खाटांना बांधलेली, उघडी, उपेक्षित. १९६८ साली बिल बाल्डिनी या वार्ताहराने आतली दृश्यं दूरदर्शनवर दाखवली, १९७७ साली न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी तिथल्या माणसांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९८७ साली संस्था बंद झाली. २०१० पासून त्याच आवारात हॅलोविनचं भयगृह चालतं. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी विरोध केला. तो मला शंभर टक्के रास्त वाटतो. माझ्या भाचीच्या रानातलं प्रेत कुणाचंच नाही. ते लॅटेक्सचं आहे. पेनहर्स्टच्या खोल्यांत खरी माणसं रडली होती, आणि त्यांना कुठलीही आडवाट नव्हती.

मी गुहागर तालुक्यातली. आमच्याकडे शिमग्याला संकासुर येतो. काळा पायघोळ वेश, डोक्यावर निमुळती उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. घुंगरांचा आवाज पाणंदीतून आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो आणि मग पुन्हा ओटीवर यायचो, तो मागे लागावा म्हणून. आजी चौकटीत उभी असायची. संकासुर तिच्यापुढे कधी गेला नाही. तिने ओंजळीत घातलेला शिधा घेऊन, वाकून, पुढच्या घराकडे जायचा. हे मी भाचीला परतीच्या गाडीत सांगितलं. ती ओल्या फडक्याने गालावरचं लॅटेक्स सोलत होती. "म्हणजे त्यालाही हात लावायचा नसतो?" तिने विचारलं. मी म्हटलं, आम्हाला तर कधीच लावला नाही. मग तिने त्याची टोपी कशी असते ते तपशिलात विचारून घेतलं, किती उंच, कशाची, डोळे दिसतात की नाही.

त्या वर्षी न्यू जर्सीत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, ३१ ऑक्टोबरला. बहिणीने दारात रांगोळी घातली, पणत्या मांडल्या आणि एका परातीत चॉकलेटं, एका परातीत करंज्या ठेवल्या. साडेसहापासून दाराची घंटा वाजू लागली. चेटकिणी, वाघ, अंतराळवीर. सातच्या सुमाराला पाच-सहा वर्षांचा एक सांगाडा एकटाच पायरी चढून आला. त्याचा बाप मागे फुटपाथवर उभा होता. रांगोळी पाहून सांगाडा थबकला, अंगावरची पांढरी हाडं सावरत कडेकडेने, एक पाय उचलून, मग दुसरा, अगदी जपून दारापर्यंत पोहोचला, आणि मगच आमच्याकडे बघून जोरात भुंकल्यासारखा ओरडला. बहीण छातीला हात लावून मागे सरली. त्याने करंजी घेतली.