घरी बांधलेल्या विमानाचे तिसरे चाक : पुढे की मागे?

मुंबईतील कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर वैमानिक श्री. अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते जनतेने पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथे त्याचे चाचणी उड्डाण पार पडले. या घटनेनंतर विमान स्वतः बांधण्याची आकांक्षा आपल्या राज्यातील तरुणांना अशक्यप्राय वाटेनाशी झाली. नांदेड-लातूरसारख्या भागातील एखाद्या तरुणाने उद्या असा संकल्प सोडला, तर त्याला आरंभीच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. विमानाची दोन मुख्य चाके पंखांखाली असतात. तिसरे चाक नाकाखाली बसवावे की शेपटीखाली?

प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु विमानाचा सांगाडा, वजन, धावपट्टी आणि वैमानिकाचे शिक्षण या साऱ्या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. सांगाडा तयार झाल्यावर हा निर्णय फिरवणे जवळजवळ अशक्य असते.

जुनी परंपरा

विमानविद्येच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक विमाने शेपूट जमिनीला टेकवून उभी राहत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी श्री. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर जे ‘पस मॉथ’ उतरवले, ते याच जातीचे. स्वतंत्र भारतात बंगळूर येथील हिंदुस्थान कारखान्यात तयार झालेले व ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडालेले ‘एच. टी.–२’ हे शिकाऊ विमानही शेपटीच्या चाकाचेच होते. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील. जर्मनीतील गटिंगेन येथे प्रा. लुडविग प्रांड्टल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते. १९५८ साली उडालेले व पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांनी वापरलेले ‘पुष्पक’ आणि १९७२ साली उडालेले फवारणीचे ‘बसंत’ यांचीही मांडणी तीच होती.

यामागे व्यवहार होता. त्या काळातील विमानतळ म्हणजे बहुधा मोकळी गवताळ मैदाने. वारा ज्या दिशेने येई, त्या दिशेकडे तोंड करून वैमानिक उतरत असे. पुढे जड विमानांसाठी डांबरी व काँक्रीटच्या पट्ट्या आल्या. पट्टीची दिशा कायम ठरलेली आणि वारा मात्र आपल्या मर्जीचा. आडव्या वाऱ्यात उतरण्याची वेळ वारंवार येऊ लागली, तसतसे नाकाखालच्या चाकाचे महत्त्व वाढत गेले.

उलार गाडीचे उदाहरण

यातील शास्त्र बैलगाडीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. आसाच्या मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते. शेपटीच्या चाकाचे विमान जाणूनबुजून उलार ठेवलेले असते. त्याची मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असतात आणि मागे कललेला भार शेपटीचे लहान चाक पेलते. नाकाच्या चाकाच्या विमानात याउलट मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतात.

उतरताना विमान थोडे तिरपे टेकले, तर जमिनीचे घर्षण चाकांना बाजूने अडवते. चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतील, तर हे घर्षण विमानाला पुन्हा सरळ करते. चाके पुढे असतील, तर मागचे वजन पुढे जाऊ पाहते आणि तिरपेपणा क्षणोक्षणी वाढतो. वैमानिकाने सुकाणूचे पायटे वेळीच दाबले नाहीत, तर विमान जमिनीवरच गर्रकन फिरते. पंखाचे टोक घासते, चाकाचा पाय मोडतो. शाळेत हे सहज दाखवता येईल. एका टोकाला स्थिर व दुसऱ्या टोकाला फिरती चाके असलेली हातगाडी घ्यावी. स्थिर चाके मागे ठेवून ढकलून सोडली तर ती सरळ जाते. स्थिर चाके पुढे ठेवून सोडली तर ती वळून उलटी फिरू पाहते.

लाभ आणि किंमत

मग शेपटीचे चाक निवडावेच का? पहिले कारण वजनाचे. नाकाखालच्या पायाला ब्रेक लावताना येणारा भार आणि खडबडीत जमिनीचे धक्के सोसावे लागतात. म्हणून तो आणि त्यामागचा सांगाडा दणकट करावा लागतो. शेपटीच्या चाकावर विमानाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो. त्यामुळे ते लहान, हलके आणि घरच्या कार्यशाळेत बसवण्यास सोपे असते. हवेतील अवरोधही कमी होतो. दुसरे कारण पंख्याचे. नाक वर राहिल्याने फिरता पंखा खडीगोट्यांपासून दूर राहतो. शेपूट उचलल्यावर मात्र हे अंतर घटते. म्हणूनच अमेरिकेतील लहान विमानांच्या नियमांत दीर्घकाळ पंख्याखाली किमान अंतर नाकाच्या चाकासाठी १८ सें.मी., तर शेपटीच्या चाकासाठी २३ सें.मी. ठरवलेले होते.

किंमतही मोजावी लागते. जमिनीवर चालताना नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. वैमानिकाला नागमोडी जावे लागते. ब्रेक जोराने दाबल्यास विमान नाकावर उभे राहू शकते. मुख्य चाके जोरात आपटली तर शेपूट खाली जाते, पंखांची उचल वाढते आणि विमान उसळी घेते.

म्हणून मुख्य चाकांची जागा नेमकी हवी. विमान समतल धरले असता चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपासून गुरुत्वमध्याकडे जाणारी रेषा उभ्या रेषेशी सामान्यतः १५ ते २० अंशांच्या आसपास कोन करते. गुरुत्वमध्य जमिनीपासून १२० सें.मी. उंच असेल आणि कोन १७ अंश घेतला, तर चाके त्याच्या सुमारे ३७ सें.मी. पुढे येतील. कोन कमी झाला तर नाकावर पडण्याचा धोका, जास्त झाला तर गर्रकन फिरण्याचा.

आपल्या भागाचा विचार

नांदेडचा विमानतळ १९५८ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधला आणि २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने त्याचा विस्तार झाला. लातूरचा विमानतळ १९९१ चा. अशा पक्क्या, एकाच दिशेच्या पट्टीवर आडव्या वाऱ्याचा प्रश्न येणारच. तेथूनच उडायचे असेल, तर नाकाखालचे चाक अधिक क्षमाशील ठरते.

खाजगी मुरमाच्या पट्टीवर उतरायचे असेल, तर मात्र पारडे शेपटीच्या चाकाकडे झुकते. तरीही काळ्या रेगडीवर कोणतेच चाक विसंबून टेकवू नये. पावसात ती फुगते व चाकाला चिकटते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पट्टीसाठी मुरमाचा दाबलेला थर आणि पाण्याचा निचरा या गोष्टी अनिवार्य होत. अशा पट्टीबाबत ग्रामपंचायतीपुढे कधी विचारणा आली, तर तिची दिशा नेहमीच्या वाऱ्याला धरून आहे काय, टोकाला विजेच्या तारा, झाडे वा गुरांची वाट आहे काय, हे सदस्यांनी अवश्य पाहावे. विमानाची नोंदणी व उड्डाणाचा परवाना हा विषय मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा आहे, याचे विस्मरण होऊ नये.

शेवटचा विचार वैमानिकाचा. आज उड्डाण-शाळांतून बहुतेक विद्यार्थी नाकाच्या चाकाच्या विमानांवर शिकतात. अमेरिकेत शेपटीच्या चाकाचे विमान चालवण्यासाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र नोंद लागते, ती उगाच नव्हे. बांधणाऱ्याने वर्षानुवर्षे कष्ट करून विमान उभे करावे आणि पायाची सवय नसल्याने पहिल्याच अवतरणात ते मोडावे, याहून दुर्दैव कोणते? तेव्हा पट्टी कोणती, वारा कसा आणि चालवणारा कोण शिकलेला, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आधी लिहून काढावीत. ती अनुकूल असतील आणि जाणत्या प्रशिक्षकाजवळ पुरेसा सराव झाला असेल, तरच शेपटीचे चाक निवडावे. एरवी थोडे वजन वाढले तरी चालेल. तिसरे चाक पुढेच असलेले बरे.