अकरा महिन्यांचं गौडबंगाल

ओरल्स चार दिवसांवर आल्या होत्या. जर्नलवर सरांची सही नाही, फाईल अर्धी, आणि घरमालकीण काकू दारात उभ्या! "मुलींनो, तुमचं अ‍ॅग्रीमेंट ३१ मार्चलाच संपलंय. एप्रिलचं भाडं डबल द्या, नाहीतर जागा रिकामी करा."

आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. एप्रिलचं भाडं तर काकूंनी पाच तारखेला स्वतः मोजून घेतलं होतं. भाडं घेतलं म्हणजे अ‍ॅग्रीमेंट आपोआप पुढे चालू, अशी आमची ठाम समजूत. शिवाय ३०,००० रुपये डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं.

हॉस्टेल सोडून दरवर्षी कितीतरी जण बाहेर रूम घेतात, म्हणून तेव्हा जे कळलं ते लिहितेय. (मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

आमच्यातल्या एकीचे मामा वकील आहेत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "कागद भाडेपट्ट्याचा आहे की लिव्ह अँड लायसन्सचा?" आम्हाला दोन्ही सारखंच. पण भाडेपट्ट्यात जागेवर भाडेकरूचा हक्क तयार होतो. मुदतीनंतर मालकाने भाडं घेतलं, तर राहत्या जागेचा पट्टा सहसा महिन्या-महिन्याने पुढे चालतो, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. आमची समजूत तिथली! लिव्ह अँड लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी. तारीख संपली की परवानगी संपली. आपोआप रिन्यू वगैरे काही होत नाही, प्रत्येक वेळी नवा करार करायचा.

आमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचाच निघाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम २४ म्हणतं, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ती परत घेऊ शकतो, आणि जितके दिवस अडवून ठेवली तितक्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे काकू अगदीच हवेत बोलत नव्हत्या. आमच्या पोटात गोळा.

मग मामांचा दुसरा प्रश्न, "रजिस्टर केलाय का?"

नव्हता. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला मजकूर आणि नोटरीचा लाल शिक्का, बस. "अकरा महिन्यांचा आहे ना, रजिस्टर कशाला?" असं एजंट म्हणाला होता. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांची युक्ती चालते. पण महाराष्ट्रात ती चालत नाही! कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आम्ही उड्याच मारल्या. मामा म्हणाले, "उड्या नकोत. ओरल्स सोडून कोर्टात जाणार आहात का? काकूंशी नीट बोला."

बोललो. काकूंना कलम ५५ माहीतच नव्हतं. पण त्यांची भीतीही खरी होती. आधीच्या भाडेकरूने मुदत संपल्यावर कित्येक महिने जागा सोडली नव्हती, तेव्हापासून तारीख उलटली की त्यांना झोप लागत नाही. शेवटी ठरलं, एप्रिल जुन्याच दराने, १ मेपासून नवा करार, भाडं १२,००० चं १२,६००.

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. नोंदणी करायचीच आहे तर अकराच महिने का? पुन्हा ३१ मार्च, पुन्हा सबमिशनच्या तोंडावर बोंब! म्हणून १४ महिन्यांचा केला, ३० जूनपर्यंत. (६० महिन्यांपर्यंत करता येतो.) स्टॅम्प ड्यूटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज, या रकमेच्या ०.२५ टक्के. आमचे १,७६,४०० अधिक ३,५००, म्हणजे ड्यूटी साधारण ४५० रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, खेड्यात ५००. चौघींत वाटून प्रत्येकी ३६३! एजंटची फी वेगळी. दुय्यम निबंधक कार्यालयात जावंही लागलं नाही. एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला, आधार, फोटो, अंगठा, झालं.

मजकूर मात्र या वेळी ओळन्‌ओळ वाचला. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोणाचे, एक जण मध्येच सोडून गेली तर काय, नोटीस किती दिवसांची, सगळं लिहून घेतलं. तोंडी बोललेलं कोणालाच आठवत नाही, काकूंनाही आणि आम्हालाही. आणि ३१ मेचा रिमाइंडर चौघींच्या मोबाईलमध्ये लावलाय. एकीने तर काकूंच्या मोबाईलमध्येही लावून दिला.