सकलवारा ते गोवा

बन्नेरघट्ट्याचं प्राणिसंग्रहालय बघून बहुतेक पर्यटक माघारी फिरतात. थोडं पुढे, आनेकल तालुक्यातच, सकलवारा हे गाव आहे. १९७५ साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. रवी कपूर यांच्या नेतृत्वाखाली सामुदायिक मनोविकार विभाग सुरू झाला आणि त्याच्या ग्रामीण कामाचं सकलवारा हे केंद्र झालं. मनोविकारतज्ज्ञ मूठभर, रुग्ण गावोगावी. म्हणून तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि आरोग्यसेवकच हाताशी धरले. आजार ओळखायच्या सोप्या खुणा आणि मोजकी औषधं त्यांना शिकवली. १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमामागे इथला आणि चंदीगडजवळच्या रायपूर रानीचा अनुभव उभा आहे.

एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते. त्या कामात भर होता तो तीव्र मनोविकार आणि फेफऱ्यावर. त्या काळात ते योग्यच होतं. पण म्हातारपणातलं विसरणं, रात्रीची तगमग, जेवणावरून उडालेलं मन हे सारं वयाच्या नावावर खपून गेलं. मदुराईत डॉ. ए. वेंकोबा राव यांनी वृद्धांच्या नैराश्याचा चिकाटीने अभ्यास केला, पण असे लोक विरळाच.

पुढचं पाऊल आपल्या शेजारी, गोव्यात पडलं. डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथल्या लोकांना वृद्धांच्या मनोविकारांबद्दल बोलतं केलं. स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचाच भाग, नाहीतर मुलांनी हेळसांड केली म्हणून असं झालं, असं लोक सांगत. म्हणजे घरात दुखणं आणि वर बोलही घरच्यांनाच! हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

मग गोव्यातच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणारी ८१ कुटुंबं निवडली. त्यांतल्या ४१ घरांत, स्थानिक भाषा बोलणारे, बारावीपर्यंत शिकलेले गृहसल्लागार सहा महिने जात राहिले. दिवेलागणीला आजी स्वतःच्याच घरात बसून “मला घरी न्या” म्हणून हट्ट धरते, तेव्हा “हेच तुझं घर” असा वाद घालण्याऐवजी तिला हाताला धरून अंगणात फिरवून आणावं, ही असल्या सल्ल्यातली अगदी साधी गोष्ट. आंघोळ, जेवण, झोप, सरकारी योजना, आणि फारच अवघड झालं तर मनोविकारतज्ज्ञाची गाठ. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. ८१ पैकी १८ वृद्ध मात्र अभ्यास संपायच्या आत वारले. हा आकडा मला उपचारांच्या यशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मदत किती उशिरा पोचते, ते त्यातून कळतं. निष्कर्ष २००८ साली छापून आले.

२०१९ साली गोव्यातलाच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या १८१ जणांमध्ये नैराश्याची चाहूल होती, आजार अजून जडला नव्हता. साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी ज्यांना झोप सुधारायला आणि अडचणी सोडवायला शिकवलं, त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं.

२०२३च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या अशा घरांत आधीपासून जातातच. बाळंतिणीची चौकशी झाल्यावर ओटीवरच्या आजींना काय विचारायचं, याचं प्रशिक्षण त्यांना मिळायला हवं, आणि त्या वेळेचा मोबदलाही.