गच्चीवरची भाजी: आधी हिशोब, मग कुंडी

घरच्या भाजीने पैसे वाचतात का? वाचतात. पण दोन हजारांच्या रंगीत कुंड्या आणून सुरुवात केली तर भांडवलच निघत नाही. मी पहिल्या वर्षी तेच केलं. टोमॅटो आले मोजून अकरा!

धंद्याचा नियम इथेही लावा: भांडवल कमी, माल लवकर हातात. म्हणून आधी मेथी. बी वेगळं आणू नका, किराणातले मेथीदाणे चालतात. 25-30 दिवसांत जुडी निघते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि तिला दीड महिना द्या. टोमॅटो-वांगी नंतर बघू, त्यांना रोज सहा तास तरी ऊन लागतं.

कुंडीऐवजी फळवाल्याकडचा जुना क्रेट घ्या, आत गोणपाट अंथरा. तळाला रसवंतीवरचा वाळवलेला उसाचा चोथा, वर पालापाचोळा, ओल्या कचऱ्याचं खत आणि थोडीच माती. गच्चीवर वजन कमी पडतं, चोथा तर बहुतेकदा फुकटच मिळतो.

आणि वही ठेवा. डावीकडे खर्च, उजवीकडे तोडलेल्या जुडीचा त्या दिवशीचा बाजारभाव. उद्या रोपं किंवा खत विकावंसं वाटलं, तर दर ठरवायला हीच वही उघडायची आहे.